रस्त्याची उंची आणि घराचा उंबरठा

1943 साली देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी भारताचा वीस वर्षांचा रस्ते-आराखडा सिद्ध केला. तो आजही ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखला जातो. देशाला रस्त्यांचे नियोजन देणाऱ्या या शहराने आपल्या जुन्या डांबरी रस्त्यांचे काय करावे, या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत एकच उत्तर निवडले आहे: सिमेंट.

सिमेंट टिकाऊ आहे, यात वाद नाही. परंतु डांबरी रस्ता मरतो तो बहुधा उपेक्षेने. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात डांबर ठिसूळ होते, त्याला तडे जातात. तड्यांतून पावसाचे पाणी खालच्या खडीत उतरते, काळी माती फुगते आणि वाहनांच्या भाराखाली खड्डा पडतो. तडे वेळीच बुजविले, तर रस्त्याचे आयुष्य थोड्या खर्चात वाढते. पुण्याचा जंगली महाराज रस्ता 1970च्या दशकात डांबराचाच बांधला गेला. कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी दिली होती. रस्ता त्यानंतरही कित्येक वर्षे खड्ड्यांवाचून टिकला. दोष पदार्थाचा नव्हे, व्यवस्थेचा आहे. दुरुस्तीचे उद्घाटन होत नाही, म्हणून दुरुस्तीला वाली नसतो.

रस्ता बदलताना जुना थर खरवडून न काढता त्यावर नवा चढविला, तर रस्ता उंचावतो आणि जुनी घरे खाली जातात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीने काठ सोडले, माणसे दगावली आणि हजारो घरांत पाणी शिरले. त्या पुराची कारणे अनेक होती. परंतु उंचावलेल्या सिमेंट रस्त्यांमुळे पाणी घरात येते, हे गाऱ्हाणे नागरिकांनी पुन्हा मांडले. ज्याला जोते उंच करणे परवडते तो वाचतो; तळमजल्याच्या एका खोलीत राहणाऱ्याने काय करावे?

म्हणून कोणताही रस्ता उखडण्यापूर्वी झीज केवळ वरच्या थराची आहे की पायाच खचला आहे, हे महापालिकेने तपासून जाहीर केले पाहिजे. नव्या रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यांवरून ठरावी. जलवाहिन्या व केबली आधी टाकल्या जाव्यात आणि देखभालीचा निधी अंदाजपत्रकात वेगळा राखला जावा. रस्ता सार्वजनिक पैशातून होतो. त्याची किंमत गरिबाच्या उंबरठ्याने पुन्हा चुकती करावी, हा न्याय नव्हे.