अंकविचार : १,४२,८५७

गोदावरीच्या कांठीं, नांदेडनजीक विष्णुपुरी येथें १९९४ सालीं विद्यापीठ स्थापन झालें आणि नांदेड-लातूरकडील विद्यार्थ्यांची उच्च शिक्षणाची मोठीच सोय झाली. परंतु संख्यांचें चिंतन विद्यापीठांतच व्हावें, घरच्या माणसांनीं केवळ वाण्याचा हिशेब तपासावा, अशी जी समजूत सुशिक्षित घरांतूनही आढळते, ती आम्हांस मान्य नाहीं. याच गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिकजवळील देवळाली येथें, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) या शाळामास्तरांनीं कोणत्याही वरिष्ठ पदवीवांचून जन्मभर संख्यांचाच छंद केला. त्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संख्यांपैकीं एक मोठी संख्या आज वाचकांपुढें ठेवितों : १,४२,८५७.

हिला २ नें गुणावें, २,८५,७१४ येतात. ३ नें गुणावें, ४,२८,५७१ येतात. सहांपर्यंत कोणत्याही अंकानें गुणिलें तरी तेच सहा अंक त्याच क्रमानें फेर धरितात. ७ नें गुणितांच मात्र फेर मोडतो व सहा नवांची रांग उभी राहते.

कापरेकरांनीं दाखविलेला गुण याहून निराळा. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे उजवीकडील सहा अंक तोडावे. २०४०८ व १२२४४९ असे दोन तुकडे होतात. त्यांची बेरीज करावी, तों मूळचीच संख्या परत हजर!

यांत कोणी दैवी संकेत शोधूं नये. १४२८५७ मधून १ वजा केला असतां उरणाऱ्या १४२८५६ ला ७ नें पुरा भाग जातो व २०४०८ येतात. म्हणून १४२८५७ ला १४२८५६ नें गुणणें म्हणजे २०४०८ ला ९९९९९९ नें गुणणें होय. ९९९९९९ म्हणजे एक उणे दहा लक्ष. तेव्हां हा गुणाकार २०४०८ दहा लक्षांहून २०४०८ नें कमी. त्यांत १४२८५७ एकवार मिळविले कीं वर्ग पुरा झाला. उजव्या तुकड्यांतून जेवढे गेले, तेवढेच डावीकडे उभे आहेत; मग बेरजेंत तूट येणार कोठून?

कापरेकरांच्या या छंदाचें मोल जाणणारे आरंभीं थोडेच होते. १९७५ सालीं अमेरिकेंत मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या सदरांत त्यांजविषयीं लिहिलें, तेव्हां सर्वत्र त्यांचें नांव झालें. परक्यांनीं सांगेपर्यंत घरच्या माणसाचें मोल कळूं नये, ही खेदाची गोष्ट आहे. आणि ती आपल्या घरांतही घडूं शकते. मुलगा असो वा मुलगी, पाढे म्हणतां म्हणतां ‘असें कां?’ म्हणून विचारील, तर ‘परीक्षेंत हें येत नाहीं’ असें सांगून वडील मंडळींनीं त्यास गप्प बसवूं नये. सोबत पाटी घेऊन बसावें.

बसणारांसाठीं ही एक लहान संख्या : ७०३. हिचा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून पुन्हां ७०३. येथें ९९९ कोठें दडले आहेत, तें ७०३ ला ७०२ नें गुणून मुलांनीं शोधावें. आजीबाईंनींही शोधावें.