दरी पाहिलीत, आता पत्र लिहा

अमेरिकेतल्या चँडलर किंवा सॅन डिएगोतल्या मराठी घरात वरणभाताचा कुकर लागतो, तेव्हा त्यातलं काही पाणी ग्रँड कॅन्यनच्या तळातून वाहत आलेलं असतं. कॅन्यनमधून बाहेर पडलेली कोलोरॅडो नदी लेक मीडमध्ये अडवली आहे आणि लास व्हेगासची तहान त्यावर भागते. आणखी खाली, लेक हवासूमधून एक कालवा दक्षिण कॅलिफोर्नियाला जातो. दुसरा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास वाळवंट कापत फिनिक्स आणि टूसॉन गाठतो, वाटेत पंपांनी साडेआठशे मीटरहून जास्त उंची चढून. या शहरांतल्या हजारो मराठी कुटुंबांना ग्रँड कॅन्यन म्हणजे ‘भारतातून आई-बाबा आले की दाखवायची जागा’ वाटते. खरं तर ही कुटुंबं त्या नदीच्या लाभक्षेत्रात राहतात. नदीचं दुखणं वाढत असताना लाभक्षेत्रातल्या माणसाने नुसते फोटो काढून परतावं, हे बरं दिसत नाही. म्हणून हे आवाहन आधी त्यांना आणि मग पुण्या-नाशिकहून त्यांच्याकडे जाणाऱ्यांना.

पहिली मागणी सोपी आहे. पुढच्या वेळी कड्यावरून थोडं खाली उतरा. दरवर्षी पन्नास लाखांच्या घरात माणसं इथे येतात आणि त्यातली बरीचशी कठड्याला टेकून परत फिरतात. साउथ कैबाबच्या वाटेने सीडर रिजपर्यंत गेलात तरी पुरे. एका बाजूने अडीच किलोमीटर आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास उतार. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना इथे सगळं उलटं लागतं. गडाचा चढ ताज्या पायांनी चढतो आपण. इथे आधी उतार असतो आणि चढ येतो तो थकल्यावर, डोक्यावर ऊन तापल्यावर. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी सहज ओलांडतो. साउथ कैबाबच्या वाटेत पाण्याचा एकही नळ नाही, सावली नावालाच. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, असं उद्यानवाले सांगतात. कळसूबाई धावत चढणाऱ्यांनीही ते हसण्यावारी नेऊ नये. (आणि खारींना शेंगदाणे देऊ नका. त्या चावतात.)

उतरायचं कशासाठी? वरून दरी चित्रासारखी दिसते, सपाट. खाली निघालं की ती काळात बदलते. पायाखालचा फिकट कैबाब चुनखडक सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा, त्यात शंखशिंपल्यांचे ठसे. त्याखाली कोकोनिनोचा वालुकाश्म, म्हणजे गोठलेल्या वाळूच्या टेकड्या. त्यांचा तिरका उतार आजही खडकात वाचता येतो. मग रेडवॉलचा दीडशे मीटरहून उंच उभा कडा. हा मुळात करडा चुनखडक, वरच्या थरांतून ओघळलेल्या लोहाने लाल झालेला. नदीपाशी पोहोचलात तर काळा, गुलाबी शिरांचा विष्णू शिस्ट: पावणेदोनशे कोटी वर्षं. तुलनेसाठी, आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटींचा. विष्णू शिस्टला थेट लागून जो वालुकाश्म बसला आहे तो जेमतेम पन्नास कोटींचा, म्हणजे मधली शंभर कोटींहून जास्त वर्षं पुसलेली आहेत. तिथे हात ठेवताना बोलणं आपोआप थांबतं. आणि एवढं सगळं चिरत नदी खाली गेली ती गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत.

विष्णू, शिव, ब्रह्मा, कृष्ण, राम, मनू ही तिथल्या सुळक्यांची नावं. क्लॅरन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही प्रथा पाडली आणि आपल्या मंडळींना तिचं फार कौतुक. पण छाती फुगवण्याआधी हे लक्षात असू द्या की ही नावं पडण्याच्या किती तरी आधीपासून इथे हवासुपाई, हुआलापाई, होपी, झुनी, नवाहो लोकांची घरं, शेतं आणि देवस्थानं होती. ब्राइट एंजल वाटेवरच्या झऱ्याकाठी शेती करणाऱ्या शेवटच्या हवासुपाई माणसाला उद्यानाने १९२८ मध्ये बाहेर काढलं. त्या जागेला हवासुपाई गार्डन्स म्हणायला २०२२ साल उजाडलं. दरी वाचवणं आणि दरीतल्या माणसांना हाकलणं एकेकाळी एकच सरकार एकाच हाताने करत होतं. दरी वाचवायच्या आजच्या मोहिमेत ही चूक पुन्हा होता कामा नये.

आता नदी. कॅन्यनच्या वरच्या अंगाला, पेज गावाजवळ, ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले आणि खालची नदी बदलून गेली. पूर्वीची कोलोरॅडो लाल, गढूळ, उन्हाळ्यात कोमट आणि हिवाळ्यात बर्फगार असे. वसंतात बर्फ वितळलं की तिला प्रचंड पूर यायचे आणि त्या पुरांत आलेल्या वाळूचे काठ तयार व्हायचे. धरणाच्या खोलातून सुटणारं पाणी थंड आणि नितळ. गाळ वरच्या तलावात अडकतो, त्यामुळे खालचे वाळूचे काठ झिजत चालले आहेत. त्या काठांवर प्राचीन वस्त्यांचे अवशेष आहेत, नदीप्रवाशांचे तळ आहेत, माशांच्या पिलांची जागा आहे. हंपबॅक चब हा कुबडा मासा जगात फक्त कोलोरॅडोच्याच खोऱ्यात सापडतो, आणि त्याची सर्वात मोठी वस्ती याच कॅन्यनमध्ये आहे. गेल्या काही वर्षांत तलावाची पातळी इतकी उतरली की वरचं कोमट पाणी धरणाच्या तोंडाशी आलं, आणि त्याबरोबर स्मॉलमाउथ बास हा परका शिकारी मासा धरण पार करून खाली उतरला. २०२२ मध्ये तो तिथे प्रजनन करत असल्याचं आढळलं.

पातळी उतरली ती हिशोबाच्या चुकीमुळेही. १९२२ च्या कराराने नदीचं पाणी सात राज्यांच्या दोन गटांत वाटलं, तेही काही असाधारण ओल्या वर्षांच्या मोजणीवरून. मेक्सिकोचा वाटा पुढे त्यात मिळवला. कागदावर वाटलं तेवढं पाणी नदीत सरासरीने नव्हतंच, आणि २००० पासून दुष्काळ आणि वाढत्या तापमानामुळे त्यातला साधारण पाचवा हिस्सा आणखी आटला. दुष्काळात कुणी किती कपात सोसायची याचे २००७ चे नियम २०२६ अखेर संपतात. त्यानंतरची वाटणी सातही राज्यं आपापल्या नळाकडे बघून मागतात. कॅन्यनचा स्वतःचा नळ नाही, म्हणून त्याची बाजू कुणीतरी मांडावी लागते.

घरासमोरचं हिरवळीचं गवत काढा, जरूर काढा. लास व्हेगासमध्ये राज्याच्या कायद्याने निरुपयोगी हिरवळीवर बंदी आणलीच आहे. पण फसवून घेऊ नका. या नदीचं बहुतांश पाणी शेतीला जातं आणि त्यातला मोठा भाग गुराढोरांच्या चाऱ्याला, लसूणघास आणि गवताला. बादलीभर पाणी वाचवल्याचं समाधान घेऊन बसलात तर निर्णय दुसरेच लोक घेतील. निर्णयाच्या टेबलावर आपलं मत पोहोचणं जास्त महत्त्वाचं. म्हणून दुसरी मागणी: पत्र लिहा.

पत्रांनी काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी १९६६ ची गोष्ट. कॅन्यनच्या पोटातच, मार्बल कॅन्यन आणि ब्रिज कॅन्यन इथे, आणखी दोन धरणांचा घाट घातला होता. समर्थक म्हणत, पाणी भरलं की लोकांना होडीतून कडे जवळून पाहता येतील. डेव्हिड ब्रॉवरच्या सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने वर्तमानपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या. एकीत त्यांनी विचारलं, छत जवळून दिसावं म्हणून सिस्टिन चॅपलही पाण्याने भरायचं का? सरकारी कर खात्याने लगेच क्लबच्या करसवलतीवर घाला घातला. त्याने लोक आणखी चिडले आणि वॉशिंग्टनमध्ये पत्रांचा पाऊस पडला. १९६८ च्या कायद्यात दोन्ही धरणं गळाली. अर्थात त्या विजयाची किंमतही होती. फिनिक्सच्या कालव्याचं पाणी चढवायला वीज हवी होती, ती धरणांऐवजी पेजजवळच्या कोळशाच्या वीजकेंद्रातून आली आणि त्याच्या धुराने कॅन्यनचंच आकाश धुरकटलं. ते केंद्र बंद व्हायला २०१९ उजाडलं.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २०१७ चं घ्या. लिटल कोलोरॅडो जिथे मोठ्या नदीला मिळते, त्या होपी-झुनी-नवाहोंच्या पवित्र संगमापर्यंत पर्यटकांसाठी रोपवे उतरवायची योजना होती. आपल्या गुरांच्या कुरणांवर उभ्या राहिलेल्या नवाहो आज्यांनी आणि त्यांच्या नातवंडांनी वर्षानुवर्षं विरोध केला. शेवटी नवाहो परिषदेने सोळा विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली.

सध्या दक्षिण कड्यापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या परिसरात युरेनियमची खाण चालू आहे. २०२३ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी आसपासची सुमारे पावणेचार लाख हेक्टर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली, नव्या खाणींना मज्जाव केला. ही खाण आधीच्या हक्काने सुटली. खोदकामात वरच्या थरातलं भूजल तिच्यात शिरलं, ते उपसावं लागलं. धोका नाही, असं खाणवाले म्हणतात. पण भेगाळलेल्या खडकातून कुठलं पाणी कुठे झिरपतं याचा पूर्ण नकाशा कुणाकडेच नाही, आणि सुपाई गावचे हवासुपाई झऱ्यांवरच जगतात. उद्यानाच्या हद्दीतली ऑर्फन खाण १९६९ मध्ये बंद झाली. तिच्याखालच्या हॉर्न क्रीकचं पाणी पिऊ नका, असं आजही हायकर्सना बजावलं जातं.

तेव्हा पत्रात तीन गोष्टी मागा. वाटणीच्या नव्या नियमांत कॅन्यनसाठी वाळू वाहून नेणारे मोठे विसर्ग हक्काने राखले जावेत, उरलं तर सोडू असे नव्हेत. २०२३ च्या स्मारकाचं क्षेत्र कमी करू नये, आणि चालू खाणीच्या भूजलाची तपासणी खाणवाल्यांवर न सोपवता स्वतंत्र यंत्रणेने करावी. आणि पाणीवाटपाच्या प्रत्येक बैठकीत आदिवासी राष्ट्रांना राज्यांच्या बरोबरीची खुर्ची मिळावी. अशा निर्णयांचे मसुदे जाहीर झाले की लेखी मतं मागवली जातात आणि मत पाठवणाऱ्याला नागरिकत्व विचारलं जात नाही. तरी व्हिसावर असलेल्यांची धाकधूक मला कळते. म्हणून पहिलं पत्र नागरिक झालेल्यांनी लिहावं, आपल्या काँग्रेस सदस्याला, आपल्या गल्लीतल्या तापमानासह. भारतातून गेलेल्या आई-बाबांनी दरीवरच्या हेलिकॉप्टर फेरीचा आग्रह सोडावा आणि कड्यावरच्या डेझर्ट व्ह्यूला आदिवासी कारागिरांकडून एखादी वस्तू त्यांच्या भावात, घासाघीस न करता घ्यावी.

फिनिक्स, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि लास व्हेगासच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या तयारीच्या पुढच्या बैठकीत ढोलपथक आणि जेवणाच्या ऑर्डरसोबत हा विषय घ्यावा. मंडपाच्या दाराशी एक टेबल, दोन लॅपटॉप, पत्राचा मसुदा आणि तो समजावून सांगणारी दोन कॉलेजातली मुलं, एवढी व्यवस्था पुरते. प्रसादाच्या रांगेत तेवढा वेळ मिळतोच.