पाळीची गोळी आणि लग्नाची काळजी

जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावात चार-चार महिने पाळी न आलेल्या मुलीची आई औषधाच्या दुकानात हळूच म्हणते, "पाळी यायची गोळी द्या." गोळी मिळते, पाळी येते, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. अशा चुकणाऱ्या पाळीमागे अनेकदा पीसीओएस हा हार्मोनचा आजार असतो. त्यात दर महिन्याला बीज सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणूनच डॉक्टर कधी प्रोजेस्टेरॉनचा काही दिवसांचा कोर्स देतात, तर कधी दोन हार्मोन असलेली, सरकारी माला-एनच्या जातीची गोळी. पाकिटावर 'गर्भनिरोधक' वाचलं की घरात भूकंप होतो. लग्नाआधी ही गोळी? पुढे मूल होईल ना? खरं तर गोळी बंद केल्यावर तिचा परिणाम ओसरतो; तिच्यामुळे कायमचं वंध्यत्व येत नाही. मात्र ती हा आजार मुळापासून बराही करत नाही, हे पहिल्याच दिवशी मुलीला सांगायला हवं. आणि प्रत्येकीला ती चालतही नाही. रक्ताची गाठ होऊन गेलेली असेल, रक्तदाब जास्त असेल, किंवा डोळ्यांपुढे प्रकाशरेषा चमकून अर्धशिशी उठत असेल, तर दोन हार्मोनची गोळी धोक्याची. हे काउंटरवर कोण विचारणार? आयांनो, तीन महिने पाळी चुकली तर लेकीला दुकानात नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि तपासणीच्या खोलीत तिला स्वतःला बोलू द्या.