हौसेला सेवा म्हणू नका

गेल्या महिन्यात आमच्या अमरावतीच्या बैठकीत एक पत्रक फिरलं. बारा दिवसांची हिमालय मोहीम. सात दिवस ट्रेक, तीन दिवस एका डोंगरी खेड्यात ‘सेवाकार्य’, आणि दोन रात्री गावकऱ्यांच्या घरी राहून ‘लोकसंस्कृतीचा अनुभव’. अमरावती आणि अकोला, दोन्ही गटांनी मिळून जावं असा प्रस्ताव होता. तरुण मुली हरखून गेल्या. विरोध मी एकटीने केला. त्यावर एकीने तोंडावरच विचारलं, “ताई, आमी घराभाईर निघतो तं तुमाले पाहावत नाई का?”

प्रश्न झोंबला. उत्तर बैठकीत नीट देता आलं नाही, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. बाईने डोंगर चढण्याला माझा विरोध नाही. उलट ती आपली जुनी मागणी आहे. आपल्यातल्या कितीजणी माहेर, सासर आणि दवाखाना सोडून चौथ्या ठिकाणी रात्र राहिल्या आहेत? पाठीवर स्वतःचं ओझं घेऊन, कुणाला न विचारता, दमेपर्यंत चालणं ही बाईसाठी साधी गोष्ट नाही. तेव्हा जरूर जा. पण ‘मला जायचं आहे, मला आवडतं’ एवढं कारण आपल्याला पुरेसं का वाटत नाही? पुरुष गडावर जातो तेव्हा ‘फिरायला चाललो’ म्हणतो. बाईला मात्र सेवेची ओढणी घ्यावी लागते. घरातल्यांची परवानगी सेवेच्या नावाने लवकर मिळते, वर्गणीही मिळते, आणि आपल्याही मनाला बरं वाटतं. इथपर्यंत आपलीच फसवणूक आहे. पुढे मात्र या सेवेचा भार दुसऱ्या बाईच्या डोक्यावर जातो. माझं भांडण तिथे आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही चिखलदरा तालुक्यातल्या एका कोरकू गावात तीन दिवसांचं शिबिर घेतलं होतं. डिसेंबरचा महिना. आम्ही सव्वीसजणी. सकाळी दरीपर्यंत चालणं, दुपारी आरोग्यावर व्याख्यान आणि शाळेची भिंत रंगवणं, रात्री नाच. ज्या घरी उतरलो तिथला पुरुष आश्रमशाळेत शिपाई होता, म्हणून ते कुटुंब गावात राहिलं होतं. स्वयंपाक त्याच्या बायकोने आणि तिच्या जावेने केला. पाणी उताराखालच्या विहिरीवरून आणायचं. डोक्यावर गुंड, कमरेला कळशी. शेवटच्या दिवशी माझा पाय मुरगळला म्हणून मी ओसरीवर बसून होते, तेव्हा मोजलं. दुपारपर्यंत त्या बाईने चौदा खेपा केल्या. त्या पाण्याने आम्ही आंघोळी केल्या आणि मग ‘स्वच्छतेचं महत्त्व’ या विषयावर तिलाच बोलावून बसवलं.

ती तेव्हा रोजगार हमीच्या कामावर जात होती. आमच्यामुळे तीन दिवस तिने खाडा केला. निघताना आम्ही उरलेला शिधा आणि थोडे पैसे दिले. ते दिले तिच्या नवऱ्याच्या हातात! बाईच्या श्रमाला किंमत नाही म्हणून गावोगाव भाषणं करणाऱ्या आम्ही. अहवालात मी लिहिलं, ‘गावकऱ्यांनी अतिशय प्रेमाने पाहुणचार केला.’ ते ‘प्रेमाने’ माझंच. तिला कुणी विचारलं नव्हतं. अहवालात तिचं नावही नाही, भिंतीच्या रंगाचा खर्च मात्र आहे.

महाराष्ट्रात १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. खडी फोडणाऱ्या बाईचं काम मोजायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, हे निदान कागदावर तरी आलं. सेवेच्या शिबिरात तेवढंही नाही. तिथे पाहुण्याचं तीन तासांचं काम ‘श्रमदान’ ठरतं आणि यजमानीणबाईचं सोळा तासांचं काम ‘पाहुणचार’. दोघीही फुकटच राबतात, पण प्रमाणपत्र एकीलाच मिळतं.

दुसरी गोष्ट मोसमाची. शहरातल्या माणसाला डोंगरात जायचं असतं ते सुट्टीत आणि छान हवेत. मेळघाटात ती हवा म्हणजे दिवाळीनंतरची. पण दिवाळी झाली की मेळघाटातली कितीतरी कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, कापूस वेचायला, हरभरा काढायला. होळीला परततात, फगवा झाला की पुन्हा निघतात. म्हणजे ज्यांची ‘सेवा’ करायला आणि ‘संस्कृती’ बघायला आपण घाट चढून वर जातो, त्या बाया त्याच दिवसांत खाली आपल्या गावात असतात! आपल्या घराचा स्लॅब पडत असतो, तिथे घमेलं घेऊन उभ्या असतात. लेकरू वाळूच्या ढिगावर झोपलेलं असतं. त्या बाईला आपण कधी घरात बोलावून चहा दिला? संडासला ती कुठे जाते, हे विचारलं? मुकादमाने मजुरी पुरी दिली का, हे पाहिलं? तिची बोली तिथे आपल्याला ‘लोकसंस्कृती’ वाटत नाही, कलकलाट वाटतो. तीच बाई सातशे-आठशे मीटर उंचावर, शेणाने सारवलेल्या ओट्यावर दिसली की आपण फोटो काढतो.

बोलीवरून सांगते. कोरकू ही मराठीची पोटबोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा आहे, तिचं नातं झारखंडाकडच्या संथाली-मुंडारीशी आहे. आम्ही दोन तास मराठीतून व्याख्यान दिलं आणि बाया माना डोलावत होत्या म्हणून खूश झालो. नंतर कळलं, बाहेरच्या माणसाशी त्या हिंदीतून कामापुरतं बोलतात, आणि माना डोलावत होत्या त्या आम्ही लवकर उठावं म्हणून. आणि नाच? गादुली-सुसून हा त्यांचा सणाचा नाच. बायांनी हातात हात गुंफून धरलेला फेर. दिवसभर राबलेल्या बायांना रात्री नऊला चुलीपासून उठवून आम्ही तो ‘करून दाखवा’ म्हणालो. आपल्या दारी एखादी तुकडी आली आणि म्हणाली की आता भुलाबाईची गाणी म्हणा, आम्हाला अनुभव घ्यायचा आहे, तर आपण काय म्हणू?

संस्कृती हवी असेल तर तिच्या पायाखालची जमीनही पाहावी लागेल. १९७३-७४ साली देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. पुढे आतल्या गावांचं पुनर्वसन सुरू झालं. काही गावं उठवून खाली अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हारा तालुक्यांत आणून बसवली. कबूल केलेल्या जमिनी आणि सोयी मिळाल्या नाहीत, माणसं मरताहेत, म्हणत लोक पुन्हा जंगलात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वनखात्याशी आणि पोलिसांशी संघर्ष झाला. अकोल्याच्या मैत्रिणींनो, या बायांना भेटायला डोंगर चढावा लागत नाही. पण पुनर्वसनाच्या वस्तीत धबधबा नाही, धुकं नाही. म्हणून तिथे शिबिर भरत नाही.

कुणी म्हणेल, मग शहरातल्या कुणी जायचंच नाही का? जायचं. पण कसं जायचं याचे धडे इथेच आहेत. १९९३ साली मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी सगळे हादरले. भूक आणि आजार तिथे पावसाळ्यात जास्त मारतात. घरातलं धान्य संपलेलं, नाले भरलेले, रस्ते तुटलेले. हे ओळखून पुण्याच्या ‘मैत्री’ने १९९७ पासून ऐन पावसाळ्यात धडक मोहीम सुरू केली. स्वयंसेवकांच्या तुकड्या दहा-दहा दिवस गावांत राहून घरोघरी जातात, आजारी मुलं शोधतात, औषधोपचारापर्यंत पोचवतात. चिखल, जळवा, पिसवा. फोटोला काही नाही. इथे मोसम गावाच्या गरजेने ठरला, पाहुण्यांच्या सुट्टीने नाही. बैरागडला डॉ. स्मिता आणि डॉ. रवींद्र कोल्हे यांनी तर संसारच तिथे मांडला. प्रत्येकीला ते जमणार नाही, जमावं असंही नाही. पण तीन दिवसांत काय होऊ शकतं आणि काय नाही, याची लाज तरी त्यामुळे वाटावी.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्याने तर स्वयंसेवेचा वस्तुपाठच दिला आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घेत. खायला स्वतःचं गाडगं बरोबर. गावावर भार नाही, सत्कार नाही, हार घालायला कुणी आलं तर चिडत. काम आधी, भाकर मग. पण आपण बायांनी यापुढचंही वाक्य म्हणायला हवं. बाबांनी १९०५ साली घर सोडलं, तेव्हा मागे घर आणि लेकरं कुंताबाईंनी ओढली. बाबांच्या खराट्याचे पुतळे झाले, कुंताबाईंच्या चुलीची आठवण कुणी काढत नाही. सेवा कुणाच्या पाठीवर उभी असते, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

आता हिमालयाकडे येते. तिथली गोष्ट वेगळी आहे असं समजू नका. रेणी गावाच्या बायांनी, गौरादेवींच्या पुढाकाराने, २६ मार्च १९७४ रोजी झाडांना मिठ्या मारून ठेकेदाराची माणसं परत लावली. गावातले पुरुष त्या दिवशी नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेले होते. सरपण, चारा, पाणी बायांनाच आणावं लागतं, म्हणून जंगलाची किंमत बायांना कळली. त्या डोंगरातल्या बाईला झाड कसं लावायचं हे आपण बारा दिवसांच्या मोहिमेत शिकवणार?

नेपाळात तर सेवेच्या हौसेने लेकरांचं वाटोळं केलं. परदेशी पाहुण्यांना ट्रेकच्या जोडीला अनाथालयात ‘सेवा’ हवी होती, देणग्याही येत होत्या. मग दलालांनी हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून, शिक्षण देतो म्हणून, आईबाप जिवंत असलेली मुलं काठमांडू-पोखऱ्याला आणून अनाथ म्हणून ठेवली. सेवेला गिऱ्हाईक झालं की अनाथ मुलं तयार केली जातात, एवढं यातून शिकावं. त्याच पोखऱ्यात १९९० च्या दशकात छेत्री बहिणींनी बायांनाच वाटाड्या व्हायचं शिक्षण देऊन रोजगार उभा केला. जाणाऱ्या बाईला सुरक्षित सोबत, नेणाऱ्या बाईला मजुरी. त्यात कुणी कुणाचा उद्धार करत नाही. मला हा व्यवहार सेवेपेक्षा स्वच्छ वाटतो.

आणि हिमालय पाहायला लांब कशाला? आपल्या गल्लीत रात्री शिटी वाजवत, काठी आपटत फिरणारा गुरखा तिथूनच आला आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो दाराशी उभा राहतो तेव्हा आपण वीस-तीस रुपयांसाठी ‘नंतर ये’ म्हणतो. त्याची बायको तिकडे शेत, गुरं, सासूसासरे एकटीने सांभाळते. उद्या आपण ट्रेकला जाऊन कदाचित तिच्याच घरी उतरू आणि म्हणू, किती साधी, किती आनंदी माणसं!

तेव्हा माझं म्हणणं असं. ट्रेकला जायचं तर ट्रेक म्हणूनच जा. पैसे साठवा, भांडून सुट्टी मिळवा, घरच्या पुरुषांना बारा दिवस चूल सांभाळू द्या. तीही चळवळच आहे. वाटेत ज्या घरी राहाल, तिथे स्वयंपाकाचे आणि पाण्याचे पैसे आधी ठरवा आणि रांधणाऱ्या बाईच्या हातात द्या. नाच कुणाला करायला लावू नका. सणाला बोलावलं तर जा आणि फेरात शिरा.

काम करायचं असेल तर ते वेगळं. त्यासाठी आधी ग्रामसभेला विचारा. पायविहीरसारख्या मेळघाटातल्या गावांनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवले, उजाड रान राखलं, सीताफळं स्वतः बाजारात आणली. ते तुम्हाला रंगाचा डबा मागणार नाहीत. कदाचित म्हणतील, तहसीलमध्ये आमचा दावा अडकला आहे, चार चकरा मारा. नाहीतर, आमच्या पोरी अमरावतीला नर्सिंगला येतात, त्यांना राहायला खोली बघून द्या. अशा कामात डोंगर दिसत नाही. ते करायची तयारी आहे का, हे बैठकीत सांगा.

पत्रकावर माझी सही नाही. पण ट्रेकसाठी वेगळी भिशी सुरू केलीत तर पहिला हप्ता माझा. आणि येत्या दिवाळीनंतर, कोरकू बाया खाली उतरतील तेव्हा, दर रविवारी सकाळी मजुरांच्या ठिय्यावर दोघीजणींनी मजुरीची वही घेऊन बसायचं, असा माझा उलटा प्रस्ताव आहे. व्याख्यान द्यायचं नाही. कुणाची किती मजुरी बुडाली, ते लिहून घ्यायचं आणि ठेकेदाराच्या दारात जायचं. पाणी प्यायचं असेल तर घरून बाटली न्यायची.

कोण येतं, ते कळवा.