लहान भिंग, मोठं बिल

वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत वाढल्यामुळे कोणी 'जागा वाचते' म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, त्रास कुणाला? (ऑगस्ट 2025 मध्ये 500 फुटांच्या पहिल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. असो.)

तर प्लाझ्मॉनिक भिंगं. काचेच्या भिंगाची मर्यादा आबेने 1873 मध्येच सांगितली होती: ठिपका तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून लहान होत नाही. मग शक्कल अशी, की सोन्याच्या पातळ थरावर नॅनोमीटरच्या मापाच्या खाचा नि टोकं कोरायची. प्रकाश तिथल्या इलेक्ट्रॉनांशी जोडला जातो, त्या लाटेची लांबी आखडते, आणि टोकाशी ठिपका पन्नासेक नॅनोमीटरपर्यंत आवळता येतो. झकास! पण तो धातूला चिकटूनच राहतो, आणि वाटेत धातू बराच प्रकाश गिळून त्याची उष्णता करतो.

म्हणून 'मोबाईल कॅमेऱ्याची काच जाणार' या बातम्या या भिंगांच्या नावावर खपवू नयेत. तिथे 2016 पासून टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म खांब वापरणारी भिंगं पुढे आहेत. ती प्रकाश फारसा गिळत नाहीत. धातूचं खरं काम जिथे उष्णताच हवी तिथे. सीगेटच्या 2024 मधल्या 30 टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये लेसर असाच आवळून तबकडीवरचा कणभर भाग क्षणभर 400 अंशांच्या वर तापवतात, मग बिट लिहितात. आपल्या 'क्लाउड'खाली ही शेगडी बरं का!

माझं मागणं एवढंच, की शोधनिबंधात ठिपक्याच्या आकाराशेजारी, आत सोडलेल्या प्रकाशापैकी तिथवर किती पोचला, तो आकडाही पहिल्याच परिच्छेदात छापा.