क्रमांक दिला, रस्ता कोण राखणार?

नकाशावर रस्त्याची रेघ ओढणे सोपे असते आणि त्या रेघेशेजारी एक आकडा लिहिणे त्याहूनही सोपे असते. परंतु सरकार जेव्हा एखाद्या वाटेला क्रमांक देते, तेव्हा ते केवळ वाटसरूची सोय पाहत नाही. ते एका जबाबदारीवर सही करीत असते. हा रस्ता अमुक गावी सुरू होतो आणि तमुक गावी पोहोचतो, मध्ये कितीही डोंगर आणि नद्या आल्या तरी तो अखंड राहील आणि तुटलाच तर तो पुन्हा जोडून देणे हे आमचे काम, असे ते वचन असते. हे वचन देणे किती सुलभ आणि पाळणे किती दुष्कर, हे पाहावयाचे असेल तर कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांताकडे दृष्टी टाकावी.

या प्रांताचे क्षेत्रफळ ९,४४,७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिपटीहून किंचित अधिक. लोकसंख्या मात्र २०२१ च्या गणनेनुसार अवघी पन्नास लाख, आणि तीतील निम्म्याहून अधिक माणसे नैऋत्येच्या कोपऱ्यात, व्हँकुव्हर शहराच्या आसपास एकवटलेली. उरलेला प्रदेश डोंगरांचा. येथील पर्वतरांगा किनाऱ्याला समांतर, वायव्येकडून आग्नेयेकडे गेलेल्या आहेत. आणि माणसांना व मालाला जावयाचे असते ते पूर्व-पश्चिम. म्हणजे येथील प्रत्येक मोठा रस्ता निसर्गाच्या आडव्या भिंती एकामागून एक ओलांडीतच पुढे जातो. एक कोस्ट पर्वताची, एक कॅस्केडची, मग कोलंबिया पर्वताची आणि अखेर रॉकीची. आपण एक सह्याद्री उतरतानाच किती घाम गाळतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला यातले कष्ट निराळे समजावून सांगावयास नकोत.

तेथील क्रमांकही वाचण्यासारखे आहेत. पहिल्या क्रमांकाचा महामार्ग प्रांताची राजधानी व्हिक्टोरिया येथे, एका बेटावर सुरू होतो आणि मध्ये समुद्र लागला म्हणून थांबत नाही. नॅनाइमोहून बोटीत चढून तो हॉर्सशू बे येथे पुन्हा जमिनीवर येतो आणि पुढे पश्चिमेकडील चारही प्रांतांतून तोच आकडा मिरवीत जातो. सोळाव्या क्रमांकाचेही तसेच. त्याचे पश्चिमेकडील टोक हैदा ग्वाई बेटांवरील मॅसेट गावी आहे. १९६० साली प्रांतिक सरकारने स्वतःची बोटवाहतूक सुरू केली, तिच्यामागे समुद्रही महामार्गाचाच एक टप्पा आहे ही दृष्टी होती. सत्त्याण्णव हा आकडा दक्षिणेकडील अमेरिकन रस्त्याशी जुळता ठेवलेला. हा रस्ता सरहद्दीवरील ओसोयूसपासून उत्तरेस यूकॉनच्या सीमेपर्यंत दोन हजार किलोमीटरांहून अधिक जातो, आणि त्याचा उत्तर भाग म्हणजे १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत अमेरिकन सैन्याने काढलेला अलास्का महामार्ग. नव्याण्णवची गोष्ट आणखी मौजेची. ज्या अमेरिकन रस्त्याशी मेळ बसावा म्हणून तो आकडा घेतला, त्या रस्त्याचा क्रमांक तिकडे केव्हाच रद्द झाला. इकडे मात्र तो टिकून आहे.

आणि ११३ हा क्रमांक तर इतिहासाचा एक अध्यायच आहे. निस्गा या आदिवासी राष्ट्राने आपल्या भूमीवरील हक्कासाठी १८८७ साली राजधानीत जाऊन दाद मागितली. करार अमलात आला तो २००० साली. ज्या रस्त्याने त्यांच्या खोऱ्यात जावयाचे, त्याला मधल्या ११३ वर्षांची आठवण म्हणून हा आकडा देण्यात आला. क्रमांक हा निव्वळ कारकुनी व्यवहार नव्हे, त्यात राज्याने प्रजेशी केलेला करार दडलेला असतो, हे याहून स्पष्ट शब्दांत कोण सांगणार?

या कराराची किंमत मात्र तेथे वेळोवेळी मोजावी लागली आहे. रॉजर्स खिंडीत १९१० च्या मार्च महिन्यात हिमलोट कोसळून रेल्वेचे ५८ कामगार गाडले गेले. पुढे रेल्वेने डोंगराखालून बोगदा खणून ती उघडी खिंड सोडली. त्याच खिंडीतून १९६२ साली पहिल्या क्रमांकाचा महामार्ग नेण्यात आला, तेव्हा आपण हिमलोटांना जिंकले असे अभियंत्यांनी मानले नाही. हिवाळाभर तेथे कॅनडाच्या लष्कराचे गोलंदाज तोफा घेऊन उभे असतात. बर्फ फार साठण्यापूर्वीच गोळे टाकून तो मुद्दाम पाडला जातो, आणि तेवढा वेळ रस्ता बंद ठेवला जातो. जेथे शत्रू कायमचा आहे तेथे पहाराही कायमचाच हवा, हे ज्याला कळले त्यालाच घाटरस्ता कळला असे म्हणावे. तिसऱ्या क्रमांकाच्या रस्त्यावर ९ जानेवारी १९६५ च्या पहाटे होप गावाजवळ डोंगराची एक बाजूच खाली आली. सुमारे चार कोटी सत्तर लाख घनमीटर दगडमातीखाली रस्ता, एक तळे आणि चार माणसे नाहीशी झाली. त्यांपैकी दोघांचे देह कधीच सापडले नाहीत. नवा रस्ता त्या ढिगाऱ्यावरूनच न्यावा लागला.

असे असूनही घाईचा मोह सुटत नाही. व्हँकुव्हर येथे १९८६ साली जागतिक प्रदर्शन भरावयाचे होते. तत्पूर्वी होप ते मेरिट हा कोक्विहाला घाटातील पाचव्या क्रमांकाचा रस्ता खुला करावयाचाच, असा सरकारने चंग बांधला. रस्ता वेळेवर झाला, परंतु खर्च अंदाजाबाहेर गेला आणि त्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमावा लागला. रस्ता उपयोगी नव्हता असे कोणी म्हणणार नाही. त्याने अंतर्भागाचे अंतर तासांनी कमी केले. तथापि उद्घाटनाच्या फितीवर जितके लक्ष असते तितके फीत कापल्यानंतरच्या तीस-चाळीस पावसाळ्यांवर नसते, हा शासनसंस्थांचा सार्वत्रिक दोष आहे, आणि तो एकट्या कॅनडाचा नाही.

या सगळ्याची परीक्षा १४ आणि १५ नोव्हेंबर २०२१ या दोन दिवसांत झाली. प्रशांत महासागरावरून बाष्पाचा एक अरुंद पण प्रचंड प्रवाह आला. हवामानशास्त्रज्ञ अशा प्रवाहाला ‘वातावरणातील नदी’ म्हणतात, आणि ती नदी त्या दिवशी खरोखरीच डोंगरांवर रिती झाली. एक, तीन, पाच, सात आणि नव्याण्णव हे पाचही रस्ते तुटले. कोक्विहालाचा मार्ग वीसहून अधिक ठिकाणी उखडला आणि त्यावरील पूल कोसळले. सातव्या रस्त्यावर पुढे-मागे दरडी आल्यामुळे अडकलेल्या सुमारे पावणेतीनशे माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. नव्याण्णववर दरडीने प्रवाशांचे प्राण घेतले. अ‍ॅबट्सफर्डनजीक १९२४ साली उपसून शेतजमीन केलेले सुमास सरोवर जणू आपली जागा परत मागावयास आले, आणि पहिल्या क्रमांकाचा महामार्ग त्याच्या तळाशी गेला. दोन्ही रेल्वेमार्गही बंद. देशातील सर्वांत मोठे बंदर ज्या शहरात आहे, त्या शहरातून स्वदेशात इतरत्र मोटारीने जावयाचे तर परदेशातून, म्हणजे अमेरिकेतून वळसा घालून जावे लागेल, अशी स्थिती झाली. पेट्रोल एका वेळी तीस लिटरच मिळेल, असा हुकूम निघाला. होपमध्ये अडकलेल्या लोकांपर्यंत सरे येथील एका गुरुद्वाराच्या सेवेकऱ्यांनी हेलिकॉप्टर भाड्याने घेऊन अन्न पोहोचवले, ही गोष्ट आपण भारतीयांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तेथील अभियंत्यांनी शर्थ केली, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मालमोटारींसाठी कोक्विहालाचा रस्ता अवघ्या ३५ दिवसांत पुन्हा सुरू झाला आणि कायमची दुरुस्ती २०२३ साली पुरी झाली. परंतु नदीने जो पुरता गिळला त्या आठव्या क्रमांकाच्या लहान रस्त्याच्या काठी राहणाऱ्यांना, ज्यांत आदिवासींच्या वस्त्याही होत्या, सुमारे वर्षभर थांबावे लागले. मोठ्या रस्त्याला पस्तीस दिवस आणि लहान रस्त्याला एक वर्ष. व्यापाराच्या हिशेबाने हे समर्थनीय असेल, पण वचन दोन्ही रस्त्यांवर सारखेच दिलेले होते.

यावर कोणी म्हणेल की रस्ते आणखी काढा, रुंद करा, म्हणजे प्रश्न मिटेल. आम्हांस तसे वाटत नाही. तुटलेल्या पाच रस्त्यांपैकी एक, तीन, पाच आणि सात हे चारही होप या एकाच लहानशा गावी येऊन मिळतात. डोंगराने तेथे एकच दार ठेवले आहे. एका दारातून चार जिने काढले म्हणून चार दारे होत नाहीत. शिवाय त्या वर्षीच्या जूनमध्ये लिटन गावी ४९.६ अंश तापमान नोंदले गेले होते आणि दुसऱ्याच दिवशी ते गाव वणव्यात जळाले. उन्हाळ्यात जळून उघडे पडलेले उतार हिवाळ्याचा पाऊस धरून ठेवू शकत नाहीत. तेव्हा रस्त्याची काळजी डांबराच्या कडेपाशी संपत नाही. वरचे जंगल, मधला उतार, खालची मोरी आणि पुलाचा पाया हे सारे त्या क्रमांकाच्या पोटात येते. १९८८ साली त्या प्रांताने महामार्गांची देखभाल खासगी ठेकेदारांकडे सोपवली. ठेका देता येतो, जबाबदारी मात्र ठेक्याने देता येत नाही, एवढेच आम्ही याविषयी म्हणू.

आणि रस्ता दरडीनेच तुटतो असेही नाही. सोळाव्या क्रमांकाचा प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा सुमारे ७२० किलोमीटरांचा पट्टा ‘अश्रूंचा महामार्ग’ या नावाने जगाला माहीत आहे. या आणि शेजारच्या महामार्गांवर १९६९ ते २००६ या काळात बेपत्ता झालेल्या वा मारल्या गेलेल्या अठरा मुली व स्त्रियांची प्रकरणे पोलिसांच्या विशेष तपासात एकत्र घेण्यात आली. त्यांतील बऱ्याच आदिवासी होत्या. गावे दूरदूर, घरी मोटार नाही, परवडणारी बस नाही. मग रस्त्याच्या कडेला उभे राहून परक्याच्या गाडीत बसण्यावाचून मार्ग कोणता? २००६ साली भरलेल्या परिषदेने ३३ शिफारशी केल्या, त्यांत बससेवेची शिफारस होती. गावोगावच्या बसगाड्या सुरू झाल्या त्या २०१७ साली. निर्जन टप्प्यांवर दूरध्वनीचा संपर्क मिळावा म्हणून मनोरे उभारण्याचा निर्णय झाला तो २०२१ साली. डांबरी रस्ता अखंड होता, फलकावर सोळाचा आकडा स्वच्छ रंगवलेला होता. आणि तरीही ज्या मुलीजवळ मोटार नव्हती तिच्यापुरता तो महामार्ग अस्तित्वातच नव्हता.

याच प्रांतात उलट बाजूचे उदाहरणही आहे. बेला कूला हे किनाऱ्यावरचे गाव. तेथे रस्ता नेणे व्यवहार्य नाही असे सरकारचे मत पडले, तेव्हा गावकऱ्यांनी स्वतःच कर्ज काढून, बुलडोझर मिळवून दोन्ही टोकांनी काम सुरू केले. सप्टेंबर १९५३ मध्ये डोंगरात दोन्ही बाजूंची यंत्रे एकमेकांना भिडली. लोक त्याला ‘स्वातंत्र्याचा रस्ता’ म्हणतात; सरकारी कागदावर तो विसाव्या क्रमांकाचा महामार्ग होय. येथे वचन आधी लोकांनी पाळले आणि क्रमांक मागून आला.

या दूरदेशीच्या कथेत आपले प्रतिबिंब ज्याला दिसणार नाही त्याने कोकणाकडे पाहावे. आपल्याकडे २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरले आणि मुंबई-गोवा रस्त्याचा सतरा जाऊन सहासष्ट आला. आकडा बदलला, म्हणून २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल दोन एस.टी. गाड्यांसह वाहून जावयाचा थांबला नाही. ब्रिटिश कोलंबियातील त्या प्रलयाच्या चारच महिने आधी, जुलै २०२१ मध्ये, तळियेवर दरड कोसळली आणि चिपळूण बुडाले. समुद्र, डोंगर आणि मधली अरुंद पट्टी, हे भूगोलाचे गणित दोन्हीकडे एकच आहे. तेव्हा उत्तरेही एकमेकांची तपासून पाहण्यास हरकत नसावी.

आमचे म्हणणे इतकेच की महामार्गाचा हिशेब किलोमीटरांत आणि मार्गिकांत मांडण्याची सवय सोडली पाहिजे. दरवर्षी अर्थसंकल्पात नव्या रस्त्यांची लांबी सांगितली जाते. तिच्याशेजारी किती पूल तपासले, किती मोऱ्या मोकळ्या केल्या, किती उतार बांधून घेतले, आणि ज्याच्याजवळ स्वतःचे वाहन नाही असा माणूस या रस्त्याने किती सुरक्षित जाऊ शकतो, याचेही आकडे जाहीर झाले पाहिजेत. ते मागणे नागरिकांचे काम आहे आणि देणे सरकारचे. फलकावरचा क्रमांक रंगाऱ्याला एका सकाळी रंगवता येतो. त्याला खरा ठरविण्यासाठी मात्र प्रत्येक पावसाळ्यापूर्वी कोणीतरी पुलाखाली उतरून पाया पाहावा लागतो.