गर्दीपासून पळणारे

मुरगांव बंदरात प्रवासी जहाज सकाळी लागते, सायंकाळी सुटते. जुन्या गोव्यातील बॉम जेझसच्या चर्चपुढची रांग पाहून काही रसिक नाक मुरडतात, फेरीबोटीने दिवाडी बेट गाठतात आणि परतून सांगतात, ‘तेथे कोणीच नव्हते!’

हे वाक्य आम्हां बुऱ्हाणपूरकरांच्या परिचयाचे आहे. १६३१ साली मुमताजमहल येथेच वारली. आग्र्यास नेईपर्यंत सुमारे सहा महिने तिचा देह तापीपलीकडील आहूखान्यात होता. ताजची गर्दी टाळून तेथे आलेले प्रवासीही म्हणतात, ‘येथे कोणी नाही.’ मग सिंधीपुऱ्यात राहणारे आम्ही कोण?

दिवाडीही बेवारस नव्हे. सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान तेथलेच. जमिनींच्या हद्दींवरून झालेल्या जुन्या तंट्याची आठवण तेथील लोक दर ऑगस्टमध्ये बोंदेराच्या निशाणांनी जागवतात. ज्या गावाने हद्दीचाच सण केला, त्याच्या अंगणात शिरून एकांताचा दावा सांगावा, हा कोणता न्याय? फेरीबोट हा त्यांचा नित्याचा रस्ता आहे. तुमच्या करमणुकीचे साधन नव्हे. आणि गर्दीला नावे ठेवणारा तिचाच एक अंश असतो. तो जाईल तेथे ती जाते.

खुशाल जावे, पण पाहुणा म्हणून. पाहुणा आधी घरधन्याला ओळखतो.